लहान मुलांचे जुलाब-उलट्या: ओआरएस कसं बनवायचं, किती द्यायचं आणि नेमकं कुठे चुकतं

निशिगंध

पाऊस सुरू झाला की दरवर्षी हाच प्रश्न येतो, ‘बाळाला पातळ शी होतेय, काय देऊ?’ उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली असतात, म्हणून सगळं एका जागी मांडतेय. हे पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. बाळ दोन महिन्यांहून लहान असेल तर पुढचं वाचत बसू नका. अंगावर पाजत पाजत सरळ दवाखाना गाठा.

आधी एक गोष्ट पक्की करू. जुलाब थांबवणं हे घरच्यांचं काम नाही. बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि तीन ते सात दिवसांत आपोआप ओसरतात. मुलाच्या जिवावर बेततं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून शी किती वेळा झाली यापेक्षा पोटात पाणी किती परत गेलं, याचा हिशेब ठेवायचा.

पाकीट. ओआरएस म्हणजे पाण्यात विरघळवून पाजायची क्षार आणि ग्लुकोजची पावडर. मेडिकलमध्ये तिची दोन मापांची पाकिटं मिळतात. मोठं पाकीट साधारण २१ ग्रॅमचं, ते एक लिटर पाण्यासाठी. छोटं ४ ग्रॅमच्या थोडं वर, ते २०० मिलीसाठी. मागे छापलेलं प्रमाण वाचा. एका लिटरमध्ये सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असेल तर ते जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र. हे आकडे जुळले की कंपनी आणि चव कोणतीही चालेल. आशाताईंकडे, अंगणवाडीत आणि उपकेंद्रात हेच पाकीट फुकट मिळतं आणि ते महागड्यापेक्षा तसूभरही कमी नसतं.

बनवणं. पाणी उकळून आधी पूर्ण गार करा. हात साबणाने धुवा. एक लिटरची रिकामी पाण्याची बाटली हे घरातलं सगळ्यात भरवशाचं माप, ती मानेपर्यंत नाही तर जिथे मूळचं पाणी होतं तिथपर्यंत भरा. पाणी स्वच्छ पातेल्यात ओतून पाकीट पूर्ण रिकामं करा आणि पावडर विरघळेपर्यंत ढवळा. झाकून ठेवा. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. बनवल्यावर उकळायचं नाही. त्यात साखर, मध, दूध, सरबत, काही घालायचं नाही.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मूल एवढंसं, ते लिटरभर कुठे पिणार, म्हणून अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकलं जातं. किंवा लिटरचं अख्खं पाकीट एका पेल्यात. असं घट्ट झालेलं पाणी अंगातलं सोडियम वाढवतं, त्याने मूल चिडचिडं होतं, तहान भागतच नाही, आणि प्रमाण फारच चुकलं तर झटके येऊ शकतात. उलट जास्त पाण्यात कालवलं तर क्षार पुरेसे जात नाहीत. लिटरभर नको असेल तर २०० मिलीची छोटी पाकिटं आणा. घरातला स्टीलचा पेला २०० मिलीचाच असेल असं धरू नका, काही पेल्यांत १५० मावतं तर काहींत ३००. दुधाच्या बाटलीवरच्या खुणांनी एकदा मोजून पेल्यावर आतून खूण करून ठेवा.

किती. मूल हसतंखेळतं आहे, डोळे-तोंड ओलं आहे, तर दर पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली आणि त्यावरच्या मुलाला १०० ते २०० मिली. मध्ये मध्ये साधं पाणी, पेज, ताक चालू ठेवा. अंगावरचं दूध तर थांबवायचंच नाही, उलट जास्त वेळा पाजा.

---

रानजाई

खूप उपयोगी. एक अडचण: सव्वा वर्षाचं मूल, ओआरएस दिलं की पाच मिनिटांत उलटी. मग घरचे म्हणतात, पोटात टिकत नाही तर देऊच नका. अशा वेळी काय करायचं?

---

निशिगंध

रानजाई, उलटी होते म्हणून बंद करायचं नाही, वेग कमी करायचा. उलटी झाल्यावर दहा मिनिटं पूर्ण थांबा. मग चहाच्या चमच्याने एक चमचा, म्हणजे ५ मिली. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा एक. तहानलेलं मूल वाटीला झोंबतं आणि आपणही भराभर पाजतो, मग ताणलेलं पोट सगळं बाहेर फेकतं. एकदम ८० मिली दिलं की परत येतं, तेच सोळा चमच्यांत टिकतं.

दर दोन मिनिटांना ५ मिली म्हणजे तासाला १५० मिली होतात. हे कमी नाही. अर्धा-पाऊण तास उलटी झाली नाही तर चमचा वाढवत न्या. बिनसुईची ५ किंवा १० मिलीची सिरिंज मेडिकलमध्ये मिळते, ती चमच्याहून बरी: गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायची, सरळ घशाकडे नाही. मूल रडत असताना किंवा आडवं झोपलेलं असताना देऊ नका, ठसका लागतो. मांडीवर अर्धवट बसवून द्या.

थोडं गार ओआरएस बऱ्याच मुलांना चालतं. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवलेलं द्या.

---

मेडिकलवाला_नगर

काउंटरवरून दिसणाऱ्या काही गोष्टी सांगतो.

खोक्यातल्या गोड पेयांना लोक ‘ओआरएस’ समजून नेतात. अनेक पेयांच्या नावातच तो शब्द होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, आदेश काढून खाद्यपेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला बंदी केली, पुढे-मागे दुसरा शब्द जोडला असला तरी. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षं हा विषय लावून धरला होता. तरी रंगीत खोकं बघून हात तिकडेच जातो. हिशेब सोपा आहे. २०० मिली खऱ्या ओआरएसमध्ये ग्लुकोज २.७ ग्रॅम. फळांच्या रसाच्या तेवढ्याच खोक्यात साखर २० ग्रॅमच्या आसपास. एवढी साखर आतड्यात उतरली की ती अंगातलं पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात. ग्लुकोजची पावडर, कोल्ड्रिंक, गोड सरबत, सगळ्यांना हेच लागू.

तयार ओआरएस खोक्यातही मिळतं, ते वाईट नाही. पण मागचं प्रमाण वर दिलेल्या आकड्यांशी जुळवूनच घ्या.

दुसरं, ‘जुलाब बंद करायची गोळी’ मागू नका. मोठ्यांना जी लोपेरामाइडची गोळी देतात, ती लहान मुलांना द्यायचीच नसते. तिने आतड्याची हालचाल मंदावते, पोट फुगतं, मूल सुस्तावतं. शी थांबल्यासारखी दिसते पण पाणी आतड्यातच साचून राहतं. मागच्या वेळची अँटिबायोटिकची उरलेली बाटलीही बाहेर काढू नका. विषाणूच्या जुलाबावर तिचा उपयोग नाही, आणि पुष्कळदा तिनेच शी आणखी पातळ होते. पाणी घालून बनवलेलं सिरप तर आठवड्याभरातच बाद झालेलं असतं.

---

आजी_मिरजेच्या

आमच्याकडे जायफळ उगाळून चाटवतात आणि दुधाऐवजी नुसता चहा देतात. टाळू खाली गेली तर तेल भरतात. हे चुकीचं का ते नीट समजावून सांगाल का? सुनेला मी हेच सांगत आले.

---

निशिगंध

आजी, तुम्ही विचारलंत हे फार बरं झालं, घराघरात हेच चालतं.

टाळूचं आधी. ती खाली जाणं ही अगदी खरी खूण आहे, जुन्या बायकांचं निरीक्षण अचूक होतं. बाळ शांत असताना, उभं धरून पाहिल्यावर टाळू खोलगट दिसली तर अंगातलं पाणी कमी झालंय. पण ते पाणी वरून तेल भरून परत जात नाही, तोंडानेच जावं लागतं. तेव्हा टाळू खाली दिसली की तेलाची वाटी नको, ओआरएसची वाटी आणि दवाखाना. साधारण दीड वर्षानंतर टाळू भरून येते, मग ही खूण मिळत नाही.

जायफळाने गुंगी येते. बाळ झोपलं की घरच्यांना उतार पडल्यासारखं वाटतं. इथे धोका असा, की पाणी कमी पडून येणारी सुस्ती आणि जायफळाची सुस्ती सारखीच दिसते, मग वेळ निघून जातो. शिवाय झोपलेलं बाळ पीत नाही. सहाणेवर किती वळसे उगाळले त्यावर मात्रा ठरते, ती कधी सारखी नसते. जुलाबात गुटीही बंदच ठेवा.

चहात बाळाला हवे ते क्षार नाहीत. त्याऐवजी तुमच्या हातची मीठ घातलेली तांदळाची पेज द्या. ती खरोखर चांगली.

---

तळेकर_मास्तर

झिंकचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ओआरएससोबत झिंक हा उपचाराचा दुसरा पाय आहे आणि तोच बहुतेक घरांत अर्धवट सुटतो.

सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलीग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलीग्रॅम, दिवसातून एकदाच, सलग १४ दिवस. जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस. कारण झिंक आजचे जुलाब कमी करतं तसंच पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यताही कमी करतं. सरकारी दवाखान्यात २० मिलीग्रॅमची विरघळणारी गोळी मिळते. चमच्यात गोळी ठेवा, वर थोडं उकळून गार केलेलं पाणी किंवा आईचं काढलेलं दूध घाला, मिनिटभरात ती फुटते. हलवून लगेच पाजा. लहान बाळाला अर्धी गोळी.

चव धातूसारखी लागते, रिकाम्या पोटी दिली तर उलटी होऊ शकते, म्हणून खाणं झाल्यावर द्या. अर्ध्या तासाच्या आत उलटून टाकली तर पुन्हा द्यायची. सिरप घेणार असाल तर लेबल बघा: काहींत ५ मिलीत १० मिलीग्रॅम असतं, काहींत २०. ओआरएसच्या पातेल्यात मात्र गोळी टाकू नका. ते पाणी पूर्ण प्यायलं जाईलच असं नाही, मग मात्रा कळत नाही.

कॅलेंडरवर चौदा खुणा करा. दुसरा कुठलाच उपाय यासाठी पुरत नाही.

---

रानजाई

निशिगंध, चमच्याची युक्ती लागू पडतेय. आता पाणी कमी पडलंय हे घरी ओळखायचं कसं? डायपरमुळे सू किती झाली तेच कळत नाही.

---

निशिगंध

डायपरचं बरोबर बोललीस. पातळ शी आणि सू एकाच डायपरमध्ये शोषली जाते आणि तो वरून कोरडाच दिसतो. जुलाब असेतो दिवसा सुती लंगोट वापरा. डायपर टाळता येत नसेल तर पुढच्या बाजूला आत स्वच्छ कापसाचा बोळा ठेवा. तो ओला झाला की सू झाली. सहा तास उलटले आणि बोळा कोरडा, तर ते पाणी कमी पडल्याचंच लक्षण समजा.

बाकी चार गोष्टी एकत्र बघायच्या. मूल कसं आहे: किरकिरं आणि अस्वस्थ, की सुस्त. डोळे खोल गेलेत का, आणि हे आईला विचारायचं, कारण रोजचा चेहरा तिला माहीत असतो. पाणी दाखवल्यावर हपापून पितंय का, की पिण्याचीही ताकद नाही. आणि पोटाच्या कातडीची चिमटी.

चिमटी घेण्याची पद्धत: मूल उताणं, पाय सैल. बेंबी आणि पोटाची कड यांच्या मधोमध अंगठा आणि तर्जनीच्या पेरांनी कातडी उभी धरा. चिमटीची घडी डोक्यापासून पायांच्या दिशेने यावी, आडवी नको. नखं लावायची नाहीत. एक सेकंद धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. घडी क्षणभर दिसत राहून मग हळू गेली तर पाणी कमी पडलंय. दोन सेकंदांहून जास्त टिकली तर ते गंभीर. गुटगुटीत बाळात पाणी कमी असूनही कातडी चटकन परत जाते, आणि खूप हडकुळ्या मुलात पाणी पुरेसं असूनही हळू जाते. म्हणून एकट्या चिमटीवर निर्णय घ्यायचा नाही.

किरकिर, खोल डोळे, हपापून पिणं, हळू परतणारी चिमटी, यांतल्या दोन खुणा दिसल्या तर दवाखान्यात जाऊन, त्यांच्या नजरेसमोर, चार तासांत किलोला ७५ मिली ओआरएस द्यायचं असतं. १० किलोच्या मुलाला ७५० मिली, म्हणजे तासाला १९० च्या जवळपास. दवाखान्याकडे निघताना रिक्षातही चमचा चालू ठेवा.

आणि यातलं काहीही दिसलं तर घरी थांबायचंच नाही: मूल उठवूनही नीट जागं होत नाही, पिऊ शकत नाही किंवा प्यायलेलं सगळंच उलटतं, झटके, शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, पोट फुगून टणक. वाहन नसेल तर १०८ ला फोन.

---

वारणाकाठ

हिरवी उलटी आणि रक्त यांवर थोडं जास्त लिहावंसं वाटतं. साधारण चार ते दहा महिन्यांच्या बाळात आतडं आतड्यात शिरण्याचा एक प्रकार होतो. बाळ एकाएकी पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, पांढरं पडतं, काही मिनिटांत शांत होतं, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. सुरुवातीला शी साधीच असते. लाल जेलीसारखी शी उशिरा दिसते, तिची वाट बघायची नाही. हे जुलाबाचं दुखणं नव्हे, त्याला सोनोग्राफी आणि त्याच दिवशी उपचार लागतात. ठरावीक वेळाने येणारं असं रडणं मोबाइलवर चित्रित करून डॉक्टरांना दाखवा, खोलीत नेईपर्यंत बाळ शांत झालेलं असतं.

---

सोनचाफा

ताप पण असतो बरोबर. पॅरासिटामॉल किती द्यावं? वयावर द्यायचं की वजनावर?

---

मेडिकलवाला_नगर

वजनावरच. किलोला १५ मिलीग्रॅम, दोन मात्रांत निदान सहा तास, दिवसात चारहून जास्त नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर औषध देऊन बघत बसायचं नाही, दाखवायचं.

घोटाळा होतो तो बाटलीच्या ताकदीत. १० किलोच्या मुलाला १५० मिलीग्रॅम हवं. ५ मिलीत १२० असलेलं सिरप असेल तर साधारण ६ मिली. ५ मिलीत २५० असलेलं असेल तर ३ मिली. १ मिलीत १०० असलेले थेंब असतील तर दीड मिली. आता ‘मागच्या वेळी सहा मिली दिलं होतं’ एवढंच लक्षात ठेवून थेंबांच्या बाटलीतून सहा मिली दिले, तर चौपट गेलं. यकृताला इजा होते ती अशी. प्रत्येक बाटलीवर मार्करने मोठ्या अक्षरात ताकद लिहा आणि थेंबांच्या बाटलीसोबत आलेला ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला वापरू नका.

जुलाब-उलट्यांत आयब्युप्रोफेन हे तापाचं दुसरं औषध घरच्या घरी देऊ नका, पाणी कमी असताना मूत्रपिंडावर ताण येतो. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन एकत्र असलेलं सिरप खूप घरांत असतं, तेही यातच आलं. निमेसुलाइड हे तापाचंच आणखी एक औषध, ते बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. जुनी बाटली सापडली तर फेकून द्या.

---

तळेकर_मास्तर

खाण्याविषयी. ‘पोटाला आराम’ म्हणून उपाशी ठेवणं सगळ्यात महागात पडतं. आतड्याचं आतलं अस्तर अन्न मिळालं तरच लवकर भरून येतं. उलटी थांबून तीन-चार तास झाले की खाणं सुरू.

मऊ गुरगुट्या भात आणि मुगाचं वरण, वर अर्धा ते एक चमचा तूप किंवा तेल. जुलाबात तूप नको म्हणतात, पण लहान मुलाच्या चार घासांत ताकद भरायची तर स्निग्ध पदार्थ लागतोच. कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा मीठ लावून, नाचणीची पेज, दहीभात. एका वेळी थोडं, दर तीन तासांनी. आजारपणात मूल दोनच घास खाईल, ते चालेल. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्या, गेलेलं वजन तिथे भरून येतं.

पावडरचं दूध पिणाऱ्या बाळाचं दूध पाणी घालून पातळ करू नका, नेहमीच्याच प्रमाणात बनवा. आणि बाटली शक्यतो बंद, वाटी-चमचा घ्या. बुचाच्या आट्यांत आणि निपलच्या टोकाशी दुधाचा चिकटा राहतो, तो नुसत्या गरम पाण्याने जात नाही.

---

सोनचाफा

शहाळ्याचं पाणी? आणि पाकीट नसेल तेव्हा घरचं मीठ-साखरेचं पाणी?

---

निशिगंध

शहाळं चालेल, पण ओआरएसच्या जागी नाही. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम फार कमी असतं, जुलाबात तर सोडियम जास्त जातं.

घरचं पाणी: १ लिटर पाणी, साखर चहाचे ६ सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा भरून सुरीच्या पाठीने सपाट करा, शीग नको. आधी नुसतं मीठ विरघळवून चाखा. अश्रूंहून खारट लागलं तर ते ओतून पुन्हा करा, मगच साखर. खडे मीठ किंवा सैंधव चमच्याने मोजू नका, त्यांच्या चमच्यात मीठ किती मावतं ते बदलतं. यात पोटॅशियम नाही, म्हणून सोबत केळं किंवा वरण द्या. पाकीट मिळेपर्यंतची ही सोय आहे. प्रवासाच्या पिशवीत, आजोळी, गाडीत दोन-दोन छोटी पाकिटं ठेवा, म्हणजे रात्री बारा वाजता चमचे मोजायची वेळ येत नाही.

---

दूरदेशी

आम्ही लंडनला. सुटीत मुलांना घेऊन साताऱ्याला येतो तेव्हा इकडचीच पाकिटं आणावीत का? अमेरिकेतली बहीण तिकडचं पेडियालाइट आणते.

---

मेडिकलवाला_नगर

दोन्ही उपयोगी आहेत, मापं मात्र वेगळी. तुमच्याकडचं डायोरॅलाइटचं पाकीट २०० मिली पाण्यासाठी असतं आणि आपल्याकडचं मोठं पाकीट एका लिटरसाठी. घरात दोन्ही असतील तर आजी-आजोबा एकाचं माप दुसऱ्याला लावतात, तेव्हा वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. पेडियालाइटमध्ये लिटरला सोडियम ४५ मिलीइक्विव्हॅलंट (हे क्षार मोजायचं एकक), आपल्या ओआरएसमध्ये ७५. किरकोळ जुलाबाला ते चालतं. पाण्यासारखे धो धो जुलाब असतील तर इथलं पाकीट घ्या, कोणत्याही गावात मिळतं.

---

आजी_मिरजेच्या

समजलं. आता घरात एकच वाद: सुनेच्या माहेरचे म्हणतात, सरळ सलाईन लावून घ्या, लगेच उभं राहील.

---

वारणाकाठ

आजी, मूल पिऊ शकत असेल तर तोंडाने दिलेलं ओआरएस तेवढंच काम करतं. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी येतं. ही वाट जुलाबातही बरीचशी शाबूत असते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपलं होतं. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातांनी पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

सलाईन लागतं ते मूल बेशुद्धीकडे झुकलं असेल, पिऊच शकत नसेल, किंवा चमच्या-चमच्यानेही सगळं उलटत असेल तेव्हा. तेव्हा मात्र ते लगेच लागतं, त्यात चालढकल नको. एरवी सुई टोचायची, शीर सापडत नाही म्हणून पुन्हा टोचायची, आणि बाटली लागली म्हणून घरच्यांनी पाजणं सोडायचं, हे मुलाच्या फायद्याचं नाही.

---

पाळणाघर_ठाणे

आमच्या बाजूने एक विनंती. शेवटच्या पातळ शीनंतर पूर्ण ४८ तास मुलाला घरी ठेवा. मूल खेळायला लागलं तरी शीतून विषाणू बाहेर पडतच असतात. एकाच चटईवर दहा मुलं रांगतात, तीन दिवसांत सगळी आजारी पडतात.

लंगोट बदलण्याची जागा आणि जेवायची जागा वेगळी हवी, तुमच्याही घरी. शी संडासातच टाका, डायपर असेल तर आधी शी संडासात झटकून मग कागदात गुंडाळा. त्यानंतर हात साबणाने वीस सेकंद. सॅनिटायझर या विषाणूंवर नीट चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं. बाळाचेही हात धुवा.

वारंवार पुसून कातडी लाल होते. सुगंधी वाइप्स बंद, कोमट पाणी आणि मऊ फडका, घासायचं नाही, टिपायचं. कोरडं झालं की झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावा. पुढच्या वेळी ते पूर्ण खरवडून काढू नका, फक्त वरचा मळलेला थर पुसा. घड्यांमध्ये लालभडक आणि बाजूने बारीक पुळ्या दिसल्या तर बुरशी असू शकते, ते वेगळ्या मलमाने जातं, दाखवून घ्या.

---

सोनचाफा

दात येताना होणाऱ्या जुलाबांनाही हे सगळं करायचं? ते आपोआप जातात म्हणतात.

---

निशिगंध

हो, सगळं करायचं. दातांमुळे हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, पाण्यासारखे जुलाब होत नाहीत. त्याच वयात मूल रांगतं, दिसेल ते तोंडात घालतं, वरचं खाणं सुरू झालेलं असतं. जंतू तिथून जातात. ‘दातांचे आहेत’ म्हणून सोडून दिलेल्या जुलाबात दोन दिवस वाया जातात आणि ते दोनच दिवस महत्त्वाचे असतात.

उलटी बाजूही सांगते. फक्त अंगावर पिणाऱ्या दोन-तीन महिन्यांच्या बाळाची शी पिवळी, दाणेदार, सैलसर असते आणि दिवसातून आठ-दहा वेळाही होते. बाळ नीट पितंय, वजन वाढतंय, तर ते जुलाब नव्हेत. नेहमीपेक्षा एकदम पातळ, पाण्यासारखी किंवा रक्ताची झाली तरच काळजी.

आणि १४ दिवसांहून जास्त चाललेले जुलाब हा वेगळा विषय आहे. आंबूस वासाची, फसफसून येणारी शी आणि गुदाभोवती भाजल्यासारखी कातडी असेल तर काही काळ दूध पचत नसतं. यात दूध बंद करायचं, कमी करायचं की दही द्यायचं, हे डॉक्टरांनीच ठरवू द्या. अंगावरचं दूध तरीही चालूच.

---

तळेकर_मास्तर

लसीचं राहिलं. रोटाव्हायरस, म्हणजे मुलांना जोराचे जुलाब करणारा विषाणू, त्याच्या लसीचा डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडावाटे देतात, सरकारी केंद्रात फुकट. राष्ट्रीय कार्यक्रमात ती २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली. दोन भारतीय लसी वापरात आहेत, एक हैदराबादची, एक आपल्या पुण्याची. पहिला डोस चुकला असेल तर सरकारी कार्यक्रमात एक वर्षाच्या आत सुरू करता येतो, बाळाचं कार्ड घेऊन उपकेंद्रात विचारा. लस घेतल्यावरही जुलाब होऊ शकतात, पण रोटाचे जिवावर बेतणारे जुलाब बऱ्याच अंशी टळतात. हे जुलाब आपल्याकडे थंडीत जास्त असतात, तेव्हा पावसाळा संपला म्हणून कपाटातली पाकिटं संपवून टाकू नका. मुदतीची तारीख मात्र बघून घ्या. आत पावडरचा दगड झाला असेल किंवा ती पिवळट-तपकिरी दिसत असेल तर ते पाकीट वापरायचं नाही.